समुद्राचा सातबारा कुणाकडे?

इंग्रजीतलं ‘रिक्लेम’ हे क्रियापद दिसायला फार सोज्वळ. आपलं होतं, गेलं, परत घेतलं. एवढंच त्याचं म्हणणं. विमानतळावर बॅगेज रिक्लेमच्या पट्ट्यापाशी उभं राहिलं की पटतंही. बॅग आपलीच, हे दाखवायला हातात टॅग असतो.

मुंबईनं समुद्राकडून जमीन ‘रिक्लेम’ केली, तेव्हा टॅग कुणाच्या हातात होता?

तिथं जमीन नव्हतीच. पाणी होतं, चिखल होता, मासळी होती. त्यात टेकड्या फोडून दगडमाती ओतली आणि कागदावर लिहिलं रिक्लेमेशन. जणू समुद्रानंच एका रात्रीत अतिक्रमण केलं होतं आणि साहेबांनी ते कायदेशीर नोटीस देऊन हटवलं!

आपण याला भराव म्हणतो. पण भराव म्हटलं की डोळ्यांपुढे डंपर येतो, आणि डंपर आला की माणसं विचारतात, परवानगी आहे का? रिक्लेमेशनला असलं कुणी विचारत नाही. त्याचा तर बसस्टॉप होतो.

(हे क्रियापद फार पूर्वी शिकारी ससाण्याला मुठीवर परत बोलावण्यासाठी वापरत. ससाणा निदान पाळलेला असायचा.)

सुरुवात झाली हॉर्नबीसाहेबापासून. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून आत घुसणारं पाणी अडवायला या गव्हर्नरनं बांध घातला, तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. बांध टिकेना, तेव्हा कामावरच्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, अशी आख्यायिका आहे. समुद्रातून मूर्ती निघाल्या, बांध टिकला, महालक्ष्मीचं देऊळ झालं. समुद्रातून काही खरोखर परत मिळाल्याचा मुंबईतला हा पहिला दाखला.

ते कंत्राटात नव्हतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, मग इथल्या कापसाचं सोनं झालं. एवढा पैसा जिरवायचा कुठं? समुद्रात! बॅक बे रिक्लेमेशन कंपनी निघाली. ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. १८६५ मध्ये तिकडे युद्ध थांबलं आणि इकडे भाव कोसळले. भागधारकांनी पैसे रिक्लेम करून पाहिले.

तिथं क्रियापद चाललं नाही.

शहाणं माणूस एकदा ठेचकाळलं की जपून चालतं. सरकार पुन्हा त्याच दगडाकडे जातं. १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांनी बॅक बेची तीच योजना नव्यानं काढली. बेत ११४५ एकरांचा. समुद्राच्या तळाचा गाळ उपसायचा आणि भिंतीच्या आत टाकायचा. भिंतच सच्छिद्र निघाली. गाळ पुन्हा समुद्रात. आपली वस्तू परत घेणं म्हणतात ते हेच, पण घेणारं सरकार नव्हतं.

खुर्शेद नरिमन या वकिलानं या कामातली अंदाधुंदी चव्हाट्यावर आणली. हार्वे नावाच्या अभियंत्यानं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. पुढे योजनेला कात्री लागली, लोकांनी तिला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणून घेतलं. स्वातंत्र्यानंतर त्याच पट्ट्यात नवा भराव पडला, वर टोलेजंग इमारती चढल्या आणि त्या जागेला नाव दिलं नरिमन पॉइंट.

भरावाच्या विरोधकाची आठवण भरावावर. सूड घ्यावा तर असा!

शेजारीच मंत्रालय. तेही बॅक बेच्या भरावावर. झोपडीवाल्याला फुकट घर हवं तर १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा आण, असं तिथूनच सांगितलं जातं. मंत्रालयानं स्वतःच्या जागेचा शे-दीडशे वर्षांपूर्वीचा पुरावा काढून दाखवावा.

भिजलेला निघेल.

उपनगरांनी तरी मागं का राहावं? मिठी नदीकाठच्या खाजणात वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी, उभं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर आलं. आपण म्हणालो, पाणी घुसलं.

आता कोस्टल रोड. त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव. उच्च न्यायालयानं जुलै २०१९ मध्ये परवानगी रद्द केली, त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं काम पुन्हा सुरू करू दिलं. मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झाला. गाडीवाल्यांची वीस-पंचवीस मिनिटं वाचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. समोर बागा होणार म्हणतात. होवोत. पण समुद्राकडून घेतलेली मोकळी जागा मुंबईकरांना ‘परत’ दिली, असं कुणी भाषणात म्हणालं तर टाळी वाजवण्याआधी विचारा: घेतली कुणाकडून?

वरळीच्या कोळ्यांना विचारा. पिढ्यान् पिढ्या याच पाण्यात होड्या घालतात. वहिवाट आहे, सातबारा नाही. समुद्राचा उतारा कुठल्या तलाठ्यानं द्यायचा? या रस्त्याच्या पुलाचे खांब त्यांच्या होड्यांच्या वाटेतच ६० मीटरच्या अंतरानं येणार होते. वर्षानुवर्षं ते भांडले, समुद्रात होड्या आडव्या घातल्या, तेव्हा कुठं एक खांब गळला आणि अंतर १२० मीटर झालं.

‘आपलं होतं, परत घेतलं’ असं ज्याला खुशाल म्हणावं, ते या साऱ्या किनाऱ्यावर माणसांच्या वाट्याला एवढंच आलं: दोन खांबांमधलं ६० मीटर जास्तीचं पाणी.