बाकीचा गेम मागाहून

माझा पुतण्या ओंकार तीन तास डाउनलोड करून नवाकोरा गेम खेळायला बसला आणि पाचव्या मिनिटाला त्याचा नायक कमरेपर्यंत रस्त्यात रुतला. रस्ता डांबरी होता. एक बस त्याच्या आरपार निघून गेली, तरी गडी जागचा हलेना. मला वाटलं, कथेचाच भाग असेल. खोदकाम चालू असताना आमच्या गल्लीतही माणसं अशीच दिसतात.

"बग आहे, काका. पॅच येईल," ओंकार म्हणाला. आजी 'पाऊस येईल' म्हणायची त्याच सुरात.

"आणि पैसे?"

"ते मार्चमध्येच भरलेत. प्री-ऑर्डर."

जबाबदार कोण, हे शोधायला मी तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मी, सदस्य ओंकार. त्याने दाखला म्हणून 'सायबरपंक २०७७'ची कुंडली मांडली. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने हा गेम जाहीर केला २०१२ साली. पुढच्या वर्षीच्या झलकीत सांगितलं, तयार होईल तेव्हा येईल. इथवर शहाणपण होतं. मग कुणीतरी तारीख काढली. एप्रिल २०२०चा सप्टेंबर झाला, सप्टेंबरचा नोव्हेंबर. ऑक्टोबरमध्ये गेम 'गोल्ड' झाला, म्हणजे छपाईला जाण्याजोगा झाला, असं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात आणखी एकवीस दिवस मागून घेतले. सोनं इतक्या झटपट उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

अखेर १० डिसेंबरला गेम अवतरला. ८० लाख प्रतींचे पैसे लोकांनी आधीच मोजले होते. दणकट कॉम्प्युटरवर तो बरा चालायचा; जुन्या प्लेस्टेशन ४वर मात्र माणसं हात पसरून बुजगावण्यासारखी उभी, आणि गेम मधूनच बंद. हे यंत्र बाजारात आलं २०१३च्या नोव्हेंबरात. म्हणजे लग्न ठरलं तेव्हा नवरदेव जन्मलाच नव्हता आणि बोहल्यावर चढेपर्यंत त्याचे गुडघे गेले होते. समीक्षकांना आधी खेळायला दिला होता तो फक्त कॉम्प्युटरवरचा. पेटीच्या वरच्या थरात हापूस, तसं. आठवडाभरात सोनीने गेम आपल्या दुकानातून उचलला. तो परतला सहा महिन्यांनी.

"पण आता मस्त आहे," सदस्यांनी हरकत घेतली. "सप्टेंबर २०२३ला २.० अपडेट आलं ना."

पावणेतीन वर्षांनी! पाहुणे जेवून गावी पोचल्यावर आमटीला फोडणी.

जानेवारी २०२१मध्ये कंपनीच्या संस्थापकांपैकी मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओत माफी मागितली. काम करणाऱ्यांना दोष देऊ नका, निर्णय आम्हा वरच्यांचा, असं म्हणाले. ऐकून बरं वाटलं. पण त्याच व्हिडिओत, आमच्या चाचण्यांमध्ये यातलं बरंचसं दिसलंच नाही, असंही सांगितलं. गिऱ्हाइकाला ते पहिल्याच संध्याकाळी दिसलं.

जुन्या काळी निदान ही मागाहून दुरुस्तीची सोय नव्हती. १९८२ साली अटारीने नाताळ गाठायचा म्हणून 'ई.टी.' हा गेम एकट्या हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉकडून पाचेक आठवड्यांत करून घेतला. तो आपटला. कार्ट्रिजला पॅच कसला लावणार? न खपलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला. २०१४मध्ये तो उकरून काढला, तेव्हा लोक बघायला जमले होते.

तर समितीचा निकाल असा: प्रोग्रॅमर निर्दोष. दोषी तारीख काढणारा. शिजेपर्यंत दम धरवतो आणि निवेपर्यंत धरवत नाही, ही आपली जुनी तक्रार. या मंडळींना शिजेपर्यंतही धरवत नाही. पण कढई चढण्याआधी पंगतीत बसून दक्षिणा देणाऱ्या ओंकारचं काय? बाजारात तुरी असतानाच लोक भांडतात म्हणे. यांनी तर बियाण्यालाच पैसे दिलेत. त्याला मी माफीचा साक्षीदार करणार होतो.

"काका, तू तरी काय करतोस?" तो म्हणाला.

हे मात्र झोंबलं. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला जूनमध्ये निम्मं मानधन पाठवलं आणि जाहिरातीत लेखाचं नावही छापलं. तेव्हा नाव एवढाच लेख होता. आज शेवटची तारीख आहे, रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि छापखान्याचा माणूस दोनदा फोन करून गेलाय.

संपादकांना विनंती, प्रुफं एकदा डोळ्यांखालून घाला. मी घातलेली नाहीत.