हवा बघणारे काका

कोकणातल्या प्रत्येक घराण्यात पावसाशी उभा दावा असलेला एक तरी माणूस असतो. आमच्याकडे ते खातं नानाकाका सांभाळतात. पाऊस पडतो याला त्यांची हरकत नाही. तो घरात येतो, आणि तोही दारातून न येता, यावर त्यांचा राग.

त्यांची नोकरी धान्याच्या गोदामातली. तिथे पोत्यांची थप्पी कधी जमिनीवर लावायची नाही, खाली लाकडी फळ्या हव्यात, भिंतीपासून अंतर हवं, आणि तांदळातला ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी आलीच म्हणून समजायचं. गोदाम सुटलं, खोड सुटली नाही. कुणाकडेही गेले की चहा यायच्या आत ते कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हात घालून बघतात. हात गेला नाही तर यजमानांचं काही खरं नसतं. "अहो, हवा खेळायला नको?"

पुतण्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा मुलीकडच्या भिंतीचा फुगलेला पोपडा नखाने अलगद सोलून काका म्हणाले, "जांभ्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट! जांभा पाणी पितो हो. चुना ते परत सोडतो तरी. इथे ते कोंडलंय, जाणार कुठे?" घर व्याह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. लग्न झालं, पण व्याही अजून काकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत नाहीत.

पडवीत दोन थर्मामीटर शेजारीशेजारी टांगलेत. एकाच्या बुडाला मलमलीची चिंधी, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली राहतो. हवा भरलेली असली की दोन्ही पारे जवळजवळ सारखे. जुलैतल्या सकाळी कोरडा २८, ओला २७. "आर्द्रता नव्वदच्या वर!" लोक आपला रक्तदाब सांगतात त्या आवाजात काका हे जाहीर करतात. काकू भाजी निवडत म्हणते, "माझे गुडघे पहाटेच सांगून मोकळे झाले."

नव्या सुनेला त्यांचे हुकूम कळत नसत. आता "खिडक्या लावा!", तासाभराने "सगळ्या उघडा, मुडद्यांनो!" बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असताना खिडकी उघडणं म्हणजे ओल विकत घेणं, हे तिला पहिल्या पावसाळ्याअखेर उमगलं. आता तीच आम्हाला ओरडते. हा रोग संसर्गजन्य असावा.

बुटांच्या खोक्यातल्या पुड्या फेकायच्या नाहीत. डब्याचं झाकण अर्धवट लावायचं नाही, लावलंच तर "कोण तो?" अशी चौकशी बसते. हार्मोनियमच्या पेटीत, पैठणीच्या कपाटात सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की काका ते जुन्या कढईत तापवून पुन्हा निळे करतात. ती कढई स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, हा काकूचा कायदा. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून काकाही तो मुकाट्याने पाळतात.

गणपतीत घर माणसांनी भरतं, तेव्हा मे महिन्यातले फणसाचे पापड डब्यातून काल केल्यासारखे खडखडीत निघतात. सगळे ताव मारतात. काकांचं नाव कुणी काढत नाही, आणि ते मात्र रिकाम्या डब्याचं झाकण घट्ट बसवून ठेवतात.

गेल्या श्रावणात छान उघडीप मिळाली. गाद्या, उशा, आमसुलं, गोधड्या, सगळं खळ्यात पसरलं आणि काका पाऱ्यांसमोर खुर्ची टाकून बसले. एवढ्यात पश्चिमेकडून सर आली.

"अहो, पाऊस!" काकू ओरडली. मग सून ओरडली. शेजारचेही ओरडले.

काका जागचे हलेनात. त्यांचं श्रवणयंत्र आत डबीत, निळ्या खड्यांच्या शेजारी सुकत पडलं होतं. डोक्यावर गादी घेऊन धावणाऱ्या सुनेला त्यांनी हात दाखवून थांबवलं, म्हणाले, "घाई नको गं, अंतर अजून चार अंश आहे!"