सर, मागच्या बाकावर

न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. त्याला दुसऱ्या न्हाव्यापुढे मान वाकवून बसावंच लागतं, आणि बसल्या बसल्या त्याची कात्री कशी चालते, वस्तरा कुठे अडतो, हे आरशात आयतं पाहायला मिळतं. प्राध्यापकाच्या नशिबी ही सोय नाही. एकदा खडू हातात आला, की दुसऱ्याच्या हाती मान देण्याचा प्रसंग निवृत्तीपर्यंत येत नाही. शेजारच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवणारे सर कसे शिकवतात, असं कुणी विचारलं, तर आपण एवढंच सांगू शकतो : त्यांचा आवाज भिंतीपलीकडे येतो, आणि जाताना ते फळा पुसत नाहीत.

शाळेत शिकवायचं तर डी.एड., बी.एड. लागतं. तिथे पाठाचं टाचण काढायला लावतात, फळ्याशी बोलू नका, वर्गाशी बोला, असं बजावतात आणि मागे वही घेऊन कुणीतरी बसतं. कॉलेजात शिकवायला नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. म्हणजे विषय येतो, याचा दाखला मागतात. तो दुसऱ्याला सांगता येतो का, हे नोकरी लागल्यावर मुलांच्या जिवावर शिकायचं. काही जण झटकन शिकतात, काही सावकाश, आणि काहींचं शिकणं निवृत्तीच्या निरोप समारंभात अपुरं राहिल्याचं वक्त्यांच्या शब्दांच्या निवडीवरून कळतं.

सरकारला हे खटकलं नाही, असं नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणच्या विद्यापीठांत अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. नव्याने लागलेल्यांसाठी उद्बोधन वर्ग, मुरलेल्यांसाठी उजळणी वर्ग, म्हणजेच ‘रिफ्रेशर’. 2015 साली या केंद्रांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं. 2023 च्या शिक्षकदिनी मालवीय मिशन आलं आणि पाट्या पुन्हा रंगल्या. स्टाफरूममधला प्रश्न मात्र तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे : ‘रिफ्रेशर झालं का?’

या प्रश्नात शिकवण्याची चौकशी नसते. बढतीच्या योजनेत, म्हणजे आमच्या भाषेत ‘कॅस’मध्ये, वरच्या श्रेणीत जायचं तर हे वर्ग पूर्ण केल्याची प्रमाणपत्रं लागतात. त्यामुळे रिफ्रेशर ‘होतं’. मुलीचं लग्न होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तसं ते एकदाचं होऊन जातं. लॉकडाऊनच्या काळात तर ते घरबसल्या होऊ लागलं. तेव्हा ऑनलाइन एफडीपींचा, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांचा, असा पाऊस पडला, की सकाळी एका राष्ट्रीय कार्यक्रमाचा कॅमेरा बंद करून दुपारी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा बंद ठेवता येत असे. शेवटी एक गुगल फॉर्म भरायचा, की प्रमाणपत्र मेलवर हजर. त्या फॉर्ममध्ये ‘आपणांस काय नवीन शिकायला मिळालं?’ असा रकाना असतो. त्यात ‘खूप काही’ असं लिहायची आमच्याकडे परंपरा आहे.

पण प्रत्यक्ष भरणाऱ्या जुन्या रिफ्रेशरची सर ऑनलाइनला नाही. तिथे राज्यभरातून आलेले पस्तीस-चाळीस प्राध्यापक बाकांवर बसतात, आणि बसताक्षणी विद्यार्थी होतात. पहिल्या दिवशी पुढच्या दोन रांगा रिकाम्या राहतात. पंख्याखालच्या जागा साडेनऊलाच रुमाल टाकून धरल्या जातात. एरवी पंचाहत्तर टक्के हजेरीवरून मुलांचे परीक्षेचे फॉर्म अडवणारे सर शेजाऱ्याला हळूच म्हणतात, ‘उद्या जरा कोल्हापूरला जाऊन येतो, माझं तेवढं बघा.’ शेवटच्या चाचणीची घोषणा झाली, की वनस्पतिशास्त्राच्या पीएच.डी. झालेल्या मॅडमचा हात वर जातो : ‘हे पण येणार का परीक्षेला?’ प्रकल्प अहवाल कुणाचा तरी एक आधी तयार होतो आणि मग त्याला अनेक मुखपृष्ठं फुटतात.

मला यातली गंमत वाटते, चीड येत नाही. कारण या वर्गातला सर्वांत चांगला पाठ व्यासपीठावरून कुणी देतच नाही, तो बाक देतो. जेवणानंतरच्या सत्रात एखादे तज्ज्ञ पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू लागले, की माणूस काय करतो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला तिथे स्वतःवरून कळतं. तो वहीच्या मागच्या पानावर घर काढतो. घराला कौलं काढतो. कौलं मोजून होतात तरी पडदा सरकलेला नसतो, म्हणून दारात तुळशीवृंदावन काढतो. आपल्या तासाला तिसऱ्या बाकावरची ती मुलगी खाली मान घालून इतकं भराभर काय उतरवून घेते, याचा उलगडा तेव्हा होतो. हा उलगडा प्रमाणपत्राबरोबर घरी आणला, तर पुष्कळ काम होईल. पण तो बहुधा हॉस्टेलच्या खोलीतच राहतो, टॉवेलासारखा.

अमेरिकेत ली शुलमन नावाच्या शिक्षणशास्त्रज्ञांनी 1993 साली नेमकं हेच दुखणं सांगितलं. ते म्हणाले, आपल्याला वाटलं होतं, की संशोधन एकट्याने करायचं आणि शिकवणं म्हणजे माणसांतलं काम. झालं उलटंच. संशोधनाला परिषदा आहेत, नियतकालिकं आहेत, चुका काढणारे परीक्षक आहेत. वर्गात शिकवणारा मात्र दार लावून एकटा. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात 1979 पासून यावर एक साधा उपाय चालत आला आहे : वेगवेगळ्या विषयांच्या आठ-दहा प्राध्यापकांनी वर्षभर ठरवून भेटायचं आणि आपापल्या वर्गात काय चाललंय, त्यावर बोलायचं.

हे ऐकून आमच्या तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या सरांनी उचल खाल्ली. महिन्यातल्या एका शनिवारी, शेवटचा तास संपल्यावर, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जमायचं ठरलं. नियम एकच : ‘आजकालची मुलं’ हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत. उच्चारणाऱ्याने सर्वांना चहा पाजायचा.

पहिल्या बैठकीला पाच-सहा जण आले आणि सगळे गप्प बसले. आपल्या संभाषणाचा किती मोठा भाग त्या दोन शब्दांवर उभा होता, हे तेव्हा लक्षात आलं. महागाई भत्ता, प्राचार्य आणि बदललेला अभ्यासक्रम हे विषय काढून पाहिले, पण तेही फिरून तिथेच येऊ लागले. एवढे प्राध्यापक एकत्र आणि कुणीच बोलत नाही, हे पाहून ग्रंथपाल दारातून डोकावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘कुणाचं काही झालं का?’

खरी सुरुवात झाली ती भौतिकशास्त्राचे सर अर्थशास्त्राच्या मॅडमच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा. मॅडम आधी तयार नव्हत्या. ‘तपासणी आहे का?’ असं त्यांनी दोनदा विचारलं. आमच्याकडे वर्गात मागे बसणारा माणूस म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती किंवा संस्थेचा माणूस, तिसरी जात नाही. मुलंही आधी ताठ झाली. मग सरांना बाकाखालून पाय बाहेर काढता येईना, हे पाहून सैल झाली.

मॅडम लवचीकता शिकवत होत्या. मिठाची मागणी किंमत वाढली तरी फारशी घटत नाही, मोटारीची घटते, हे पुस्तकातलं उदाहरण. मग पुरवठ्याकडे वळून त्या म्हणाल्या, भाव पडले की उत्पादक माल रोखून धरतो. सरांच्या शेजारी बसलेला मुलगा पुटपुटला, ‘कसा धरणार? लाल कांदा आहे, चाळीत टिकत नाही. भाव पडला तरी विकावाच लागतो.’ त्याच्या घरी कांद्याच्या दोन चाळी होत्या. उन्हाळी कांदा काही महिने ठेवू, पण लाल नाही, असं त्याने सरांना पेनाने बाकावर आकृती काढून समजावलं. लवचीकतेचा अख्खा धडा तो मुलगा शेवटच्या बाकावर मांडत होता, आणि फळ्यापासून तिथपर्यंतचं अंतर एवढं, की मॅडमना फक्त कुजबुज ऐकू आली. त्यांनी डस्टर आपटून शांतता मागितली.

शनिवारी सरांनी हे सांगितलं, तेव्हा मॅडम जरा वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या तासाला त्यांनी मीठ आणि मोटार बाजूला ठेवली आणि त्या मुलाला उभं केलं. लाल आणि उन्हाळी, दोन कांद्यांचे दोन वक्र फळ्यावर आले. एकीकडे भाव पडला तरी माल बाजारात येतोच, दुसरीकडे थांबवता येतो. त्या वर्षी परीक्षेत मीठ कुणीच लिहिलं नाही. पेपर तपासणारे बाहेरचे परीक्षक किती कांदे सोलून दमले असतील, कोण जाणे.

मग मॅडमनी परतफेड केली. त्या भौतिकशास्त्राच्या तासाला जाऊन बसल्या आणि हातातलं घड्याळ पाहत राहिल्या. सरांनी ‘समजलं?’ असं विचारलं, की उत्तर यायच्या आत त्यांची पाठ वर्गाकडे झालेली असायची. ‘तुम्ही प्रश्न फळ्याला विचारता, सर,’ मॅडम म्हणाल्या. सर विज्ञानाचे असल्यामुळे दुखावले नाहीत, वाचायला लागले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती तासन्‌तास ऐकून असं दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतो. तो तीन सेकंद थांबला, तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारी कमी होतात आणि एरवी गप्प असणारी बोलू लागतात.

तीन सेकंद कागदावर क्षुल्लक दिसतात. वर्गात उभं राहून बघा. पहिल्या सेकंदात पंख्याची घरघर ऐकू येते. दुसऱ्यात पार्किंगमधली कुणाचीतरी मोटारसायकल सुरू होते. तिसऱ्यात आपल्याला खात्री पटते, की आपण पुढचं विसरलो, असं मुलांना वाटतंय. प्राध्यापकाला शांतता फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये सोसते. बोलणं हाच ज्याचा पगार, त्याला गप्प राहायला शिकवणं म्हणजे गवयाला तानपुरा नुसता धरून बसवण्यासारखंच. सर मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजून थांबू लागले.

शनिवारच्या बैठकांना सर्वांत आधी येऊन बसायचा तो इतिहासाचा तासिका तत्त्वावरचा तरुण. त्याला बढती नाही, म्हणून कॅस नाही, म्हणून रिफ्रेशरचा उपयोग नाही. तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की तेही बंद. सकाळी आमच्याकडे, दुपारी वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात. कागदावर ज्याला इथून काहीच मिळणार नव्हतं, त्याच्याचकडे सांगायला सर्वांत जास्त असायचं, कारण एकच पाठ एकाच दिवशी दोन वर्गांत कसा वेगवेगळा होतो, हे आमच्यापैकी फक्त त्यालाच ठाऊक होतं. शनिवारचा तो बसभाड्याचा खर्च त्याचा स्वतःचा असे. हे लक्षात आल्यावर ‘आजकालची मुलं’ हे शब्द काही ज्येष्ठांच्या तोंडून जरा जास्तच वेळा निसटू लागले, आणि चहाबरोबर पोहेही येऊ लागले.

अशी गोष्ट गावात फार दिवस झाकून राहत नाही. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयक सरांच्या कानावर गेलीच. माणूस भला, पण नॅकचा अहवाल डोक्यावर. त्यात ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ नावाचं प्रकरण असतं आणि ते भरायला दरवर्षी वृक्षारोपण पुरत नाही. त्यांनी बॅनर, हजेरीपत्रक आणि जिओटॅग केलेले फोटो मागितले. बॅनर लावण्याइतकी खोलीची भिंत रुंद नाही, असं आम्ही कळवलं. मग त्यांनी निदान ‘निष्पत्ती’ लिहून द्या, म्हणून सांगितलं. भौतिकशास्त्राच्या सरांनी लिहून दिलं : ‘प्रश्न विचारल्यानंतर प्राध्यापक आता तीन सेकंद थांबतात.’

समन्वयक सर कागद घेऊन स्वतः स्टाफरूममध्ये आले.

‘सर, हे अहवालात कसं घालू? निष्पत्ती मोजता आली पाहिजे.’

‘मोजलीय की. तीन सेकंद.’

‘ते झालं हो. पण त्या तीन सेकंदांत विद्यार्थ्यांमध्ये काय बदल झाला, तो लिहा. आधी तुम्ही ‘समजलं?’ विचारलं की काय म्हणायचे?’

‘सगळे ‘हो’ म्हणायचे.’

‘आणि आता?’

‘आता म्हणतात, नाही समजलं.’