कोंबड्याला रजा मंजूर

खुराड्यात कोंबडा दचकून वर उडतो, माथा पत्र्यावर आपटतो आणि खाली येऊन गिरक्या घेऊ लागतो. मान वाकडी, पाय एकीकडे, डोळे दुसरीकडे. अशा वेळी काय करायचं, याबद्दल कोंबड्या पाळणाऱ्यांत फारसे मतभेद नाहीत. त्याला उचलायचं, बाकीच्यांपासून वेगळं करायचं, तळाशी गवत घातलेल्या खोक्यात ठेवायचं, खोक्यावर गोणपाट टाकायचं आणि आपण तिथून निघून जायचं. पाणी जवळ ठेवायचं, चोचीत ओतायचं नाही. ते श्वासनळीत गेलं तर पत्र्यातून वाचलेला कोंबडा प्रेमापोटी मरतो. मार किरकोळ असेल तर अंधार, शांतता आणि थोडे दिवस एवढ्यावर तो बहुधा सावरतो. एकामागून एक माना वाकायला लागल्या तर गोष्ट वेगळी, ती मानमोडी. तिथे डॉक्टर लागतो. पण एकाच्याच डोक्याला लागलं असेल तर गोणपाट. माझी मागणी एवढीच आहे, की ही वागणूक महाराष्ट्रातल्या माणसालाही मिळावी.

आज त्याला काय मिळतं ते पाहा. स्कूटरवरचा माणूस गतिरोधकावरून उडून डोक्यावर पडला, की पहिल्या मिनिटाला त्याच्या तोंडात पाणी ओतलं जातं. दुसऱ्या मिनिटाला नाकाशी कांदा येतो, कांदा नसल्यास चप्पल येते. मग सात जण सात वेगवेगळी बोटं नाचवून ‘किती?’ असं विचारतात आणि त्यांची बेरीज त्याला जमली नाही की मान हलवतात. घरी आल्यावर खरा उपचार सुरू होतो. त्याचं नाव भेटायला येणं. कोंबड्याला वेगळं ठेवतात त्यामागे अनुभव आहे: डोक्यावर रक्त दिसलं की कळपातले बाकीचे तिथेच टोचतात. टोचण्यालाही क्रम असतो, कोणी कोणाला टोचायचं हे ठरलेलं असतं, हे नॉर्वेत शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलं गेलं. आपल्याकडे तो क्रम असा: आधी सख्खे, मग चुलत, मग सोसायटी. ‘हेल्मेट नव्हतं का?’ ही पहिली टोच. ‘मी तर तेव्हाच म्हटलं होतं’ ही दुसरी. तिसरी टोच साडूच्या मेव्हण्याची. त्यालाही असंच किरकोळ लागलं होतं, चहासुद्धा प्यायला, आणि संध्याकाळी गेला. हे ऐकवून पाहुणे शहाळं ठेवतात आणि आवाज चढवून ‘आता आराम करा’ असं बजावतात. कोंबडा आरवण्यासाठी चोच पूर्ण उघडतो तेव्हा त्याच्या कानाची वाट आपोआप बरीचशी मिटते, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. स्वतःच्या आवाजापासून बचावाची ही सोय. नातेवाईक बोलताना मिटणारा कान माणसाला अजून फुटलेला नाही. म्हणून खोकं हवं. खोक्याला बेल नाही, टीव्ही नाही, चार्जिंगला जागा नाही, आणि ‘फक्त पाच मिनिटं बसतो’ म्हणणाऱ्याला टेकायला खुर्ची नाही.

पहिला आक्षेप तयारच असतो: कोंबड्याचं काय अडतं, माणसाला नोकरी आहे. वास्तविक कोंबड्याइतकी जबाबदारीची नोकरी दुसरी नाही. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की गटात पहाटे पहिली बांग सर्वांत वरच्या दर्जाचा कोंबडा देतो, आणि खालचे आपापल्या दर्जानुसार त्याच्यामागून आरवतात. म्हणजे खोक्यातला कोंबडा नुसता रजेवर नसतो, खुर्ची सोडून गेलेला असतो. परतल्यावर त्याला जागा पुन्हा मिळवावी लागते. तरी त्याला रजा मिळते, कारण त्याला झाकलं तरी तांबडं फुटतं हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. कचेरीतल्या साहेबांना तेवढं ठाऊक नाही. पाय मोडलेल्या माणसाला ते मान देतात, कारण प्लास्टर दिसतं. डोक्याला बसलेल्या धक्क्यात सीटी स्कॅन बहुधा स्वच्छच येतो; तो रक्तस्राव आणि मोडलेलं हाड शोधतो, धक्का त्यात उमटत नाही. ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून साहेब विचारतात, ‘मग उद्यापासून येताय ना?’ आणि तो बिचारा जातो, भगभगत्या दिव्यांखाली, भगभगत्या पडद्यासमोर, पाढ्यात चुकतो आणि वर्षाअखेरीच्या शेऱ्यात ‘लक्ष नसते’ असं लिहून घेतो. क्रिकेटवाल्यांनासुद्धा २०१९ साली शहाणपण सुचलं, डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू देऊ लागले. जमाखर्चाच्या विभागाला मात्र चेंडू लागत नाही म्हणे.

दुसरा आक्षेप, कोंबड्याच्या डोक्याला महत्त्वच काय? मान्य. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रुटा गावी १९४५ साली कुऱ्हाडीचा घाव वर बसल्याने एक कोंबडा जवळपास पूर्ण डोकं गेल्यावरही अठरा महिने जगला. मेंदूचा खालचा देठ आणि एक कान तेवढा राहिला होता. ड्रॉपरने अन्ननलिकेत दूध सोडायचे. डोक्यावाचून ज्याचं इतकं निभतं त्याला नुसत्या टेंगळासाठी विश्रांती देतात, आणि ज्याचा पगारच डोक्याचा आहे त्याला सोमवारी हजर व्हायचं असतं, हे या आक्षेपाचं उत्तर आहे. तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: आमच्या वेळी आंब्यावरून पडायचो आणि उठून नांगर धरायचो. जे उठले नाहीत ते सांगायला येत नाहीत. चौथ्यात मात्र दम आहे. कोंबड्याची ही सेवा माया म्हणून होत नाही. विदर्भातल्या कोंबडबाजारात जखमी झुंजाऱ्याला हळद लावून जपतात ते पुन्हा झुंजवायला; प्राण्यांना झुंजवणं १९६०च्या कायद्याने गुन्हा असूनही. आणि हरलेला थेट पातेल्यात जातो. बरोबर आहे. पण स्वार्थाने का होईना, त्याला चार दिवस अंधार तरी मिळतो. मायेने आपल्याला काय मिळतं, ते वर लिहिलंच आहे.

आणि मुळात माणसं पडतात का, हेही एकदा बोलू. नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर, वर पट्टे, आधी फलक. आपल्याकडचा गतिरोधक म्हणजे कुणाच्या तरी दाराशी रात्रीत उगवलेला डांबराचा बांध: अरुंद, उभा, रंगहीन, दिव्याच्या बंद खांबाखाली. तो कुणी घातला हे कोणत्याच कार्यालयात कळत नाही, काढायचा म्हटलं की मात्र तीन कार्यालयांची परवानगी लागते. त्यावरून जाणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट घाल म्हणतं, आणि तो ते कोपरात अडकवतो, जणू मेंदू तिथे आहे. पुढे पोलीस दिसला तरच ते कोपरातून डोक्यावर चढतं. पोलिश जातीच्या तुरेवाल्या कोंबड्याचा माथा घुमटासारखा फुगलेला असतो आणि त्यावरचं हाड पुरतं भरलेलंही नसतं. त्याला हेल्मेट नाकारायची संधी कधी मिळाली नाही. आपल्याला मिळाली, आणि आपण ती हक्क म्हणून बजावतो आहोत.

तेव्हा ओळखीतलं कुणी डोक्यावर पडलंच तर आधी डॉक्टरला दाखवा. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, झोपेतून जागं होत नसेल, बोलणं अडखळत असेल, तर वाट न पाहता पुन्हा दवाखान्यात न्या. यातलं काही नसेल, तर शहाळं खाली वॉचमनकडे द्या आणि जिन्यावरूनच परत फिरा.