उगवत्या चढाईपटूची निगा कशी राखावी

हे मार्गदर्शन मोहने-आंबिवली पट्ट्यातल्या कबड्डी मंडळांच्या निवड समित्यांसाठी आहे. समितीत प्रायोजक, प्रायोजकाचा मेहुणा आणि पोराचा मामा असे तिघे असतात. चहा सांगणारा चौथा, पण खेळ कळतो तो त्यालाच.

नियम पहिला : पोरगा ओळखावा. चढाईला गेला की समोरचा कोपरारक्षक हवेलाच मिठी मारतो. दोन गुण घेऊन परत, मांडीवर थाप, शिट्ट्या. मग समोरून चढाई आली की हाच वाघ साखळीतला हात सोडून मागच्या रेषेकडे सरकतो आणि बोट लागून बाद होतो. ‘‘एवढं चालतं हो’’ असं या वेळी जो म्हणतो, तो मामा.

नियम दुसरा : खरंच चालतं का, याचा हिशेब मांडावा. बास्केटबॉलमध्ये चालवून घेतात. अटलांटाच्या संघाने 2018 मध्ये लुका डॉनचिचला निवडून डॅलसला देऊन टाकलं आणि बदल्यात ट्रे यंग घेतला. यंगचा बचाव कच्चा, पण समोरच्याने त्याच्या डोक्यावरून बास्केट केली तरी तो मैदानातच असतो. पुढच्या मिनिटाला वसुली करतो. आपल्याकडे बचावात बाद झालेला थेट बाहेर बसतो, म्हणजे त्याची चढाईही बाहेर बसते. बोनस गुणावर तो उठत नाही. कुणीतरी गडी बाद करावा लागतो. हिरो बाहेर असताना हे काम बहुतेक वेळा तो कोपऱ्यातला करतो, ज्याचं नाव निवेदकालाही धड येत नाही.

नियम तिसरा : थोरामोठ्यांकडे पाहावं. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांच्या वर मोजले आणि 22 पैकी 2 सामने जिंकून तळ गाठला. पवनच्या चढाईत खोट नव्हती. पुणेरी पलटणने मोठी बोली लावली ती पकडी करणाऱ्या इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर, 2 कोटी 35 लाखांची. कर्णधार आपल्या नगरचा अस्लम इनामदार, चढाई आणि पकड दोन्ही करणारा. 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून करंडक पुण्याचा झाला. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला, तर करंडकही त्याच्या मागोमाग गेला.

हे समितीला सांगितलं. ‘‘आपल्याकडे कुठे दोन कोटी आहेत?’’ मामा म्हणाले. वडापावचे पैसेही अजून द्यायचेत, हे खरंच आहे.

नियम चौथा : पोराला कोपऱ्यात उभं करू नये. कोपरा आणि कव्हर यांच्या मधे, कोपऱ्याचा हात धरायला लावून ठेवावं. काम एकच सांगावं : कोपऱ्याने घोटा धरला की वरून झाकायचं. त्याआधी एक पाऊलही पुढे नाही. तिघेच उरले की अव्वल पकडीचा ज्यादा गुण दिसतो आणि पोरांच्या अंगात येतं. तेव्हा बाहेरून नाव घेऊन ओरडावं. आईने हाक मारल्यासारखं.

नियम पाचवा : केसांबद्दल बोलू नये.

नियम सहावा : पोरावर चिडू नये. मोहन्याची रेयॉन कंपनी 2009 पासून बंद. नोकरी हवी तर पोलीस, रेल्वे, नाहीतर भारत पेट्रोलियमसारख्या एखाद्या संघात शिरावं लागतं, आणि पेपरात नाव छापून येतं ते चढाईच्या गुणांचं. साखळीत हात घट्ट धरून ठेवला म्हणून कुणाचा व्हिडिओ फिरल्याचं ऐकिवात नाही. पोरगा हुशार आहे. जिथे टाळ्या आहेत तिथे जातो. शिवाय हरल्यावर रडतो, तेवढ्यासाठीच तो मला आवडतो.

नियम सातवा : कोपरारक्षक जपावा. आमचा संध्याकाळची कसारा लोकल पकडून येतो, तोवर सराव संपत आलेला असतो. सराव अर्धा तास पुढे ढकला, असं समितीला लिहून दिलंय. विचार चालू आहे. मामांची मालिका साडेसातला असते.