‘लवकरच’ म्हणजे नेमकं कधी?

कंपनी बुडते याबद्दल माझी तक्रार नाही. धंदा म्हटला की तोटा आलाच. माझी तक्रार ‘लवकरच’ या शब्दाबद्दल आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटली. कंपनीत तीनदा फोन केला. तिन्ही वेळा माणूस नवा, तक्रार क्रमांक नवा. उत्तर तेवढं जुनंच: सुटा भाग लवकरच येईल. ही बाब किरकोळ आहे, पण ज्यांनी याच शब्दावर वर्षानुवर्षं काढली त्या अमिगावाल्यांची मला तेव्हा आठवण झाली.

अमिगा हा कमोडोर कंपनीचा संगणक अमेरिकेत 1985 साली आला. 4096 रंग, स्टिरिओ आवाज आणि एकाच वेळी अनेक कामं करण्याची सोय त्यात होती. 29 एप्रिल 1994 रोजी कमोडोरने गाशा गुंडाळला. 1995 मध्ये अमिगा जर्मनीच्या एस्कॉम कंपनीकडे गेला. पुढच्याच वर्षी तिचंही दिवाळं निघालं. 1997 मध्ये तो गेटवे कंपनीने घेतला. मालक बदलत गेले, यंत्र वापरणारे जागचे हलले नाहीत.

1998 च्या नोव्हेंबरात सांगण्यात आलं, नव्या अमिगाचा गाभा क्यूएनएक्स या कार्यप्रणालीचा असेल. 1999 च्या जुलैत तो लिनक्सचा झाला. सप्टेंबरपर्यंत अमिगाचे प्रमुख जिम कोलास पायउतार झाले आणि नवं यंत्र बारगळलं. ज्या प्रोग्रामरने नोव्हेंबरात क्यूएनएक्स शिकायला घेतलं, त्याच्या रात्री कोणत्या खात्यावर मांडायच्या?

पुढे नाव अमिगा इन्कॉर्पोरेटेड या कंपनीकडे आलं. अमिगाच्या कार्यप्रणालीच्या चौथ्या आवृत्तीचा करार 2001 चा, ती पूर्ण झाली 2006 च्या डिसेंबरात. 2007 मध्ये ती बनवणाऱ्या हायपेरियन कंपनीशी कोर्टकज्जा सुरू झाला. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावच्या नव्या क्रीडागृहाला अमिगाचं नाव देण्याचं जाहीर झालं. सुरुवातीची रक्कम भरलीच गेली नाही, आणि 2009 मध्ये ते दुसऱ्याच नावाने उघडलं. अशा वेळी शंका विचारणाऱ्याला निष्ठाहीन म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. निष्ठा होती म्हणूनच तो विचारत होता; बाकीचे केव्हाच दुसरा संगणक घेऊन मोकळे झाले होते.

खरं सांगितलं तर गिऱ्हाईक थांबतं, असं कंपन्या म्हणतात आणि ऑस्बर्नचा दाखला देतात. तमिळनाडूत लहानपण गेलेल्या ॲडम ऑस्बर्न यांनी 1981 मध्ये 1795 डॉलरना उचलून नेता येणारा संगणक काढला. पुढच्या यंत्राची वाच्यता आधीच केल्याने जुन्याची विक्री आटली आणि 1983 च्या सप्टेंबरात दिवाळं निघालं, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ती खरी धरली, तरी त्यातून वेळेआधी बोलू नये एवढंच निघतं. पैसे घेतल्यावर, शब्द दिल्यावर गप्प बसावं असं निघत नाही.

आमच्या गावचा शिंपीही दिलेल्या दिवशी सदरा देत नसे. पण दुकानात गेलं की तो कापड समोर धरायचा: बाह्या लागल्या, कॉलर झाली, काजं राहिलीत, गुरुवारी या. त्याच्यावर कोणी संशय घेतला नाही. कंपन्यांकडून मला तेवढंच हवं आहे. किती झालं, किती राहिलं आणि वार कोणता, एवढं सांगा.