लकडगंजचा फेडू

क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल फेडत असलेल्या माणसाला फेडू म्हणावं. ही जात देशभर आढळते, पण नागपुरातल्या लकडगंजात तिचा जो नमुना दिसतो तो अभ्यासाला जास्त सोयीचा आहे. इथल्या माणसाला लाकूड कळतं, आणि लाकूड कळणाऱ्याला व्याज समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.

इतवारीच्या पूर्वेला, सेंट्रल एव्हेन्यूला लागून ही वस्ती आहे. आरामशिनी, प्लायवूडची दुकानं, सनमायकाचे नमुने टांगलेल्या भिंती आणि रस्त्याच्या मधोमध ओंडके उतरवत उभा ट्रक. फेडू यातल्या कशाचाच मालक नसतो. मालकावरही कर्ज असतंच, पण त्याला लिमिट म्हणतात, आणि ते वाढलं की मालक पेढे वाटतो. फेडू प्लायच्या काउंटरवरचा सेल्समन असतो, नाहीतर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला हिशेबनीस, किंवा फर्निचरची फुटकळ कामं घेणारा ठेकेदार. वय पस्तीस ते पंचेचाळीस, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल, खिशात तीन कार्डं. तिन्हींची मिळून थकबाकी समजा तीन लाख वीस हजार.

पहिलं कार्ड त्यानं मागितलेलं नसतं. फोनवरच्या मुलीनं त्याला ‘सर’ म्हटलेलं असतं. दिवसभर ‘ओ भैया, उन्नीस एमएम दिखाना’ ऐकणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. दुसरं कार्ड तो विमानतळावरच्या लाउंजसाठी घेतो. त्या लाउंजमध्ये दोन रुपयांत पोटभर जेवण मिळतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते दोन रुपयांचं जेवण जेवायला तो सहकुटुंब गोव्याला जाऊन येतो. तिसरं कार्ड पहिल्या दोघांचं बिल भरायला. थकबाकीचा मोठा भाग खरं तर दवाखाना, बहिणीचं लग्न आणि गिऱ्हाइकानं बुडवलेलं एखादं बिल यांचाच असतो. गोव्याचा वाटा लहान, पण घरातलं भांडण वर्षानुवर्षं त्या लहान वाट्यावरूनच चालतं.

कार्डानं हात सैल सुटतो, हे लकडगंजच्या बाहेरही लोकांनी तपासून पाहिलं आहे. २००१ साली ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी बास्केटबॉलच्या सामन्याची तिकिटं विद्यार्थ्यांना बोलीवर विकली. कार्डानं पैसे देणाऱ्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीपर्यंत गेली. आता तर कार्ड खिशातून काढायचेही कष्ट राहिले नाहीत. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची मुभा २०२२ साली मिळाली आणि तर्रीपोह्याच्या ठेल्यावरचा क्यूआर कोडसुद्धा उधारीची वही झाला.

फेडूची खरी कथा सुरू होते ती ‘मिनिमम’च्या साक्षात्कारापासून. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. दोन-तीन वर्षं तो किमान देयालाच बिल समजत असतो. मग एका रात्री बायको हिशेब मांडते. दरमहा साडेतीन टक्के दरानं तीन लाख वीस हजारांवर व्याज ११,२०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २,०१६. किमान देय पाच टक्के धरलं तर १६,००० रुपये. त्यातून १३,२१६ वजा जाता मुद्दलात उतरले २,७८४.

सोळा हजारांचा ओंडका आरामशिनीत घातला आणि पावणेतीन हजारांची फळी हातात आली. बाकी भुसा. असली चिराई लकडगंजातल्या कुठल्याही मालकानं पाहिली तर तो मिस्त्रीला दुपारच्या आत घरी पाठवील. फेडूनं ती तीन वर्षं चालू ठेवलेली असते. नवी खरेदी एका रुपयाची केली नाही आणि फक्त किमान देय भरत राहिलं, तरी या दरानं निम्मं कर्ज उतरायला साडेसहा वर्षं लागतात. किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे. फेडू तो मजकूर तंबाखूच्या पुडीवरच्या चित्राकडे पाहावं तसा पाहतो. म्हणजे तिकडे अंगठा ठेवून पुडी फोडतो.

साक्षात्कारानंतर संकल्प. त्याला मुहूर्त दसऱ्याचा. दुकानात हत्यारांची पूजा झाली की सनमायका कापायच्या कटरनं तो तिन्ही कार्डांचे चार-चार तुकडे करतो. प्लास्टिक सनमायकापेक्षा मऊ निघतं याचं त्याला थोडं वाईटही वाटतं. पण सोळा आकडी नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे त्याला तोंडपाठ असतात (बायकोचा मोबाइल नंबर नसतो), आणि फोनमधल्या चार अ‍ॅपांना कार्ड कापल्याची वर्दी कुणीच दिलेली नसते. धनत्रयोदशी दसऱ्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच येते.

दुसरा संकल्प जास्त गंभीर असतो, आणि त्यात तक्ता येतो. सहा एमएम प्लायचा दीड फूट बाय एक फुटाचा उरलेला तुकडा, त्यावर पेन्सिलीनं आखलेले बत्तीस चौकोन, दर चौकोन दहा हजारांचा. कपाटाच्या दाराला आतून लावायचा, म्हणजे पाहुण्यांना दिसत नाही आणि शर्ट काढताना रोज दिसतो. पहिल्या महिन्यात चौकोनाचा जेमतेम पाव भाग रंगतो आणि फेडूचा धीर सुटतो. तेव्हा तक्ता उलटा करून मागच्या बाजूला हजाराचा एक असे तीनशे वीस चौकोन आखले जातात. भरलेली रक्कम तीच, पण आता पावणेतीन चौकोन काळे होतात. एका चौकोनाचा पाव भाग रंगवणारा आणि पावणेतीन चौकोन रंगवणारा, या दोन माणसांच्या चालण्यात फरक पडतो, आणि तो सकाळी दुकानाची पायरी चढताना दिसतो.

आधी कोणतं कार्ड फेडायचं यावर घरात दोन पंथ होतात. ज्याचं व्याज जास्त ते आधी, असं बायको म्हणते. ज्याची रक्कम लहान ते आधी, असं फेडू म्हणतो. गणितानं बायको बरोबर आहे. फेडूची बाजू मात्र डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ साली उचलून धरली. त्यांनी अमेरिकेतल्या कर्जदारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकामागून एक खाती पूर्ण बंद करत जाणारे लोक सगळं कर्ज संपवण्याच्या जास्त जवळ पोचलेले दिसले. लकडगंजात हे वेगळं सांगावं लागत नाही. वखारीत जागा करायची तर आधी बल्ल्या हलवतात, मोठ्या ओंडक्याचं मग पाहतात. बावीस हजारांचं छोटं कार्ड मिटतं त्या दिवशी फेडू घरी संत्रा बर्फी आणतो. रोखीनं.

आता तो महिन्याला पंचवीस हजार भरू लागतो. त्यासाठी दिवसाचे दोन खर्रे सुटतात, रविवारची सावजी महिन्यातून एकदा होते, आणि सीताबर्डीला जायचं तर टेलिफोन एक्सचेंज स्टेशनवरून मेट्रो. खर्रा सोडल्यानं कर्जात फारसा फरक पडत नाही, पण फेडू सगळं श्रेय खर्र्यालाच देतो, कारण त्याचा त्रास त्याला झालेला असतो. जास्तीचे पैसे येतात ते बहुधा बायकोच्या शिवणकामातून. त्यांची नोंद तक्त्यावर वेगळी होत नाही.

या गतीनं एकोणीस महिन्यांत सगळं संपतं. अडचण मधल्या टप्प्याची. नऊ महिने झाले, म्हणजे जवळपास निम्मी वाट सरली, तरी तीनशे वीसपैकी सव्वाशेच चौकोन काळे झालेले असतात. भुसा सुरुवातीला जास्त पडतो, फळ्या शेवटी शेवटी भराभर निघतात. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात उंदीर पळवून पाहिले होते. खाणं जवळ आलं की ते वेग वाढवतात, लांब असताना रेंगाळतात. फेडू दहाव्या महिन्यात नेमका तसा रेंगाळतो. शर्ट काढताना कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही.

याच काळात त्याच्याकडे तत्त्वज्ञान येतं. ठेल्यावर ‘राह्यले किती गा?’ असं कुणी विचारलं की तो आकडा न सांगता न्यायालयावर बोलतो. तीस टक्क्यांहून जास्त व्याज म्हणजे अनुचित व्यापार, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. ही दोन वाक्यं त्याला इतकी पाठ असतात की आपण पंधरा वर्षं खटला लढून हरलो असं ऐकणाऱ्याला वाटावं. वसुलीचे फोन येतात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर ते करू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सात वाजून एक मिनिटानं फेडू माणसात येतो. दिवसा तो नंबर फोनवर ‘मेव्हणा’ या नावानं वाजतो, म्हणजे न उचलल्याचं दुकानात कुणाला नवल वाटत नाही. कुणीतरी सेटलमेंट सुचवतं, थोडे भर आणि मोकळा हो. तो जवळजवळ तयार होतो. पण पतअहवालात ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि घरकर्जाच्या वेळी तो आडवा येतो, हे बायकोनं आधीच वाचलेलं असतं.

दहाव्या महिन्यातून त्याला बाहेर काढते ती बीसी. मोहल्ल्यातल्या वीस बायका दरमहा पाच-पाच हजार काढतात, चिठ्ठी निघेल तिला एक लाख. बायको आपला नंबर आधी मागून घेते आणि लाख रुपये कार्डात भरते. कर्ज तेवढंच राहतं, फक्त त्यातल्या एक लाखाचा भुसा पडायचा थांबतो. दुसरा बदल याहून मोठा. बँकेचा हप्ता चुकला तर एक मेसेज येतो. बीसीचा चुकला तर एकोणीस दारांवरून रोज जावं लागतं, आणि त्यातल्या एका दारात मालकाची बहीण राहते. फेडूचा निश्चय या टप्प्यावर त्याच्या अंगात नसतोच. तो त्या एकोणीस जणींकडे ठेवलेला असतो, आणि तिथं तो कधी कमी पडत नाही. इच्छाशक्तीवर व्याख्यानं देणाऱ्यांनी या बीसीत एकदा नंबर लावून पाहावा.

पोळ्याचा दुसरा दिवस फेडूला कठीण जातो. सकाळी इतवारीच्या बाजूनं काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे. ईडापीडेला गावाबाहेर घालवायची आरोळी उठते तेव्हा गर्दीतला सर्वांत मोठा आवाज ज्याचा, त्याच्या खिशात बिल आहे असं खुशाल समजावं. त्याच दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून पोरं दारोदार बोजारा मागायला येतात. पोरांकडे क्यूआर कोड नसतो. मग बायकोच्या डब्यातली चिल्लर निघते आणि त्या रकमेची चर्चा रात्री होते.

बीसी धरून दीड वर्षाच्या आसपास कार्डांची थकबाकी संपते. शेवटची रक्कम भरून फेडू तक्त्यावरचा शेवटचा चौकोन काळा करतो, दार सताड उघडून बायकोला दाखवतो. ती म्हणते, ‘अन् भुसा?’ पुढच्या महिन्यात खरंच चारशे बारा रुपयांचं बिल येतं. बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं व्याज मागाहून लागतं, ते हे. प्लायच्या पाठीमागे आणखी एक चौकोन आखला जातो, जरा लहान.

ते भरल्यावर फेडू कार्ड बंद करायचा अर्ज देतो. थकबाकी शून्य असेल तर बँकेनं कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. फेडू हे सात दिवस पेन्सिलीनं दुकानाच्या भिंतीवर मांडतो, रविवार वगळून. आठव्या दिवसाची त्याला फार आशा असते. बँक सहाव्या दिवशी कार्ड बंद करते.